रुख्मिणीचा पाय आणि बिनक्लचची मोटार

वऱ्हाडात गुप्तहेर एकच, असं मारोतरावाचं मत होतं; आणि तो एक कोण, हे सांगताना तो थोडा लाजायचा. नजर घारीची, कान हरणाचे आणि डोकं... डोक्याला साजेशी उपमा अजून सापडली नव्हती, तपास चालू होता. पोटापुरता तो घड्याळं दुरुस्त करी. मेडशीत घड्याळं पाच. त्यांतली चार त्याच्याकडे दुरुस्तीला पडलेली, म्हणून गाव सूर्यावर चाले आणि वेळेवर चाले. डोळ्याला लावायचं घड्याळजीचं भिंग हेच त्याचं हत्यार. "त्या भिंगातून खाली पडलेला स्क्रू दिसत नाही, चोर काय दिसन?" असं त्याची बायको कस्तुराबाई म्हणे. पण थोरांना घरात कोण ओळखतं!

त्या दिवशी इंद्रभान पाटलांचं बोलावणं आलं. भिंग लावूनच तो निघाला, त्यामुळे वाटेत दोनदा ठेचकाळला.

पाटलांच्या दारात काळी अमेरिकन मोटार उभी होती. हैदराबादेकडच्या एका जहागीरदाराकडून घेतलेली, वयानं उतरलेली. पण उतारवयातही रोज काजळ घालणाऱ्या बाईसारखी ऐटबाज. पाटील तिला स्वतः चालवत, स्वतः पुसत. पोळ्याला बैलांच्या खांद्यांना लोणी लागलं नसेल, इतकं हिला तेल लागे.

"मारोतराव, इपरीतच झालं," पाटील म्हणाले. "वावरात जा, चालू. वाशिमले कचेरीत जा, चालू. पन ही माहेरी निघाली का गाडी टक म्हनत नाही. दोन डाव झालं असं. ही उतरली का लगेच चालू! गाडीले इचा पाय सोसत नाही."

'ही' म्हणजे रुख्मिणी. ती पुढच्याच सीटवर बसली होती, मांडीवर धाकट्या बहिणीचा शालू घेऊन. कारंज्याला संध्याकाळी गोरज मुहूर्तावर त्या बहिणीचं लग्न. तिकडं जाणारी प्रवाशांची सर्व्हिस मोटार सकाळीच गेलेली. आजही गाडी चालू झाली नाही तर रुख्मिणी घरी राहील आणि पाटील एकटेच जातील, असं ठरलं होतं. ठरवलं अर्थात पाटलांनी. रुख्मिणी कुणाकडे न बघता गुणगुणत होती:

*दारी मोटार उभी । तिचे रुप्यावानी डोये ।*
*बहिणीच्या बोहल्याले । माही वाट कोन पाहे ।*

मारोतराव स्टिअरिंगखाली वाकला आणि किंचाळला, "पाटील! चोरी!"

"काय गेलं?"

"तीन पायडल पाहिजेत. दोनच हाईत. क्लच चोरला कोनीतरी!"

"इले क्लच नसतेच. गियर आपोआप बदलते. ही स्टिअरिंगजवळची दांडी वर असली का उभी, खाली ओढली का चालली. उतरताना मी वरच ठेवतो, मंग पाहाचं काम नाही."

"मंग तुमी काय करता?"

"रुबाब."

त्या दांडीला रुख्मिणीनं ओटीची पिशवी अडकवली होती. दोन नारळ, खण, शेरभर गहू. देवीपुढं ठेवून आणलेली ओटी चपलांपाशी कशी ठेवणार? मागच्या सीटवर ठेवली तर पहिल्याच खड्ड्यात गडगडून खालीच येणार. आणि मांडीवर शालू. मारोतरावानं पिशवीवर भिंग फिरवलं, "खुंटीची सोय बरी केली अमेरिकावाल्यानं" म्हणाला आणि पिशवीला निर्दोष सोडलं.

मग त्याला घातपाताचा वास आला. पेट्रोलात कुणीतरी गूळ कालवला असणार! टाकीत काडी बुडवून त्यानं ती चाटली. त्यानंतर बराच वेळ तो बोलू शकला नाही; तपासातला तेवढा भाग सगळ्यांना आवडला.

जीभ जागेवर येताच नवा प्रकाश पडला. गाडी हैदराबादेची, तिला मराठी कशी कळावी? तो बॉनेटपुढं कमरेत वाकला. "बेगमसाहिबा, तशरीफ ले चलिए."

पाटलांनी चावी फिरवली. बेगमसाहिबा गप्प.

रुख्मिणी खुदकन हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मारोतरावानं भिंग काढलं. एका बाईचं माहेर अडलंय आणि आपण पेट्रोल चाखतोय, हे त्याला भिंगाशिवाय जरा स्पष्ट दिसलं.

"बस झालं," पाटील म्हणाले. "उतर."

शालू छातीशी धरून ती उतरली. पाटलांनी चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही.

पदर डोळ्याशी नेता नेता रुख्मिणी थांबली. "अवो, मी त खाली हावो. आता कोनाचा पाय सोसत नाही इले?"

पाटलांनी मारोतरावाकडे पाहिलं. मारोतरावानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "सावली! वहिनींची सावली बॉनेटवर..."

"माही सावली गोठ्याकडं हाये, भाऊजी," रुख्मिणी म्हणाली. "द्या थे ओटी इकडं. मी दमनी जुपून जाईन, बैल तरी पाय इचारत नाहीत." आणि तिनं खिडकीतून हात घालून पिशवी हिसडून वर उचलली. पिशवीबरोबर दांडीही उचलली गेली. खट्! पाटलांनी रागारागानं चावी फिरवली, आणि मोटार दुधावरच्या मांजरीसारखी घुरघुरू लागली.

रुख्मिणीनं पिशवीकडे पाहिलं, दांडीकडे पाहिलं, आणि पिशवी हळूच पुन्हा अडकवली. दांडी खाली सरकली आणि गाडी निघाली, थेट समोर उभ्या गुप्तहेराकडे! मारोतराव कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगावर उडाला. पाटलांनी ब्रेक दाबला, पिशवी काढली आणि दांडी वर केली.

"दांडी वर नसली त सेल्फ लागतच नाही," पाटील पुटपुटले. "जहागीरदाराच्या ड्रायव्हरनं सांगतलं होतं मले. पिशवीच्या वजनानं..."

"अन् दोन्ही डाव मी पिशवी घेऊनच उतरली होती," रुख्मिणी म्हणाली. तिनं दार उघडलं, एक पाय उचलला आणि तसाच धरला. "इचारा तुमच्या गाडीले. हा पाय कोठी ठेवू?"

पाटील खाली उतरले, आणि ज्या उपरण्यानं रोज बॉनेट पुसत त्यानं त्यांनी तिच्यापुढची पायरी पुसली.

राहिला प्रश्न ओटीचा. मांडीवर शालू, खाली चपला, दांडी बंद. दोघांनीही अंगावरच्या पऱ्हाटीच्या काड्या झाडणाऱ्या मारोतरावाकडे पाहिलं.

मोटार गावातून निघाली तेव्हा कस्तुराबाई दारातच होती. मागच्या सीटवर आपला नवरा पिशवी उंच धरून बसलेला पाहून तिनं हाक मारली, "काहो, सापडला का चोर?"

"चोर नव्हता! खुंटी होती!"

"मंग तुमी कायले चालले?"

"खुंटीची जागा खाली झाली न!"