पाचव्या महिन्यापर्यंतचं पित्त

साहेब, आरोप तुमच्यावर आहे, आणि तो तोंडावर सांगितलेला बरा. आमच्या बायका तिसऱ्या महिन्यात तुमच्या दवाखान्याची पायरी चढतात, आणि तुम्ही त्यांचे दात उपटून त्यांना परत पाठवता.

बाई गरोदर असते ती पहिल्या दिवसापासून, हे डॉक्टरी शास्त्राला मान्य आहे. मुरबाड तालुक्याला मान्य नाही. इथं बाई पाचव्या महिन्यापासून गरोदर होते. त्याआधी तिला पित्त असतं.

यात लबाडी नाही, रीत आहे. तिसरा महिना सरला की घरातल्या बायका दार लोटून पोरीची ओटी भरतात, तिला चोरओटी म्हणतात. (चोर कोण ते अजून निघालेलं नाही, पण ऐवज मोलाचा असल्यामुळे सगळेच जपून असतात.) ती भरेपर्यंत, आणि पुढं पाचवा लागेपर्यंत, पोटातली गोष्ट पोटात ठेवायची. बाहेर फुटली तर दृष्ट लागते, वारा लागतो, आणि ज्यांना हे काहीच लागत नाही त्यांना शेजारीण असते.

टोकावड्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला जनाबाईचं घर आहे. भात, नाचणी, दोन बैल, नवरा विठू, मुलगा लडकू आणि सून राही. राहीला याआधी दोनदा दिवस गेले होते, आणि दोन्ही वेळा तिसरा सरता सरता सगळं वाहून गेलं. पहिल्या वेळी जनाबाईनं आनंदाच्या भरात पाणवठ्यावर सांगून टाकलं होतं. म्हणून गेलं, असं गाव म्हणालं. दुसऱ्या वेळी तिनं तोंडाला कुलूप लावलं, तरीही गेलं. त्या वेळी गाव काहीच म्हणालं नाही. जनाबाईच्या मनात तेव्हापासून एक बसलं होतं: नुसतं गप्प राहून भागत नाही, जाणत्या माणसानं एकदा पोरीला बघायला पाहिजे. आणि आता राहीला पुन्हा शिजत्या भाताचा वास सोसेना.

नेमकी त्याच सुमारास सरकारची दवंडी आली. दिवस लढाईचे. हिवतापाचं कोयनेल पलटणीकडे जात होतं, साखर कुठं जात होती ते वाण्यालाच ठाऊक, पण सरकारचं आमच्या बायकांवरचं लक्ष ढळलं नव्हतं. 'गरोदर स्त्रियांनी पहिल्या तीन महिन्यांतच प्रकृती दाखवावी. दर बाजारी कल्याणहून डॉक्टरीणबाई येतील.' आणि बाई खरोखरच येत. कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या मोटारीतून त्या उतरत तेव्हा गोऱ्या आहेत की काळ्या ते तोंड धुतल्यावर कळे.

दवाखाना बाजाराच्या तोंडाशीच होता. (गावाचं नाव इथं घातलेलं नाही. घातलं तर ते गाव रागावेल आणि बाकीची रुसतील.) आत जाण्याची पद्धत इतकी चोख होती की चुकायला वावच नव्हता. पायरीवर कोंडू पट्टेवाला उभा. रोग्यानं त्याला नाव, गाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि तक्रार सांगायची. कोंडूनं ते सगळं ओरडून आत पोचवायचं, कारण आतल्या कंपाउंडरला डाव्या कानानं ऐकू येत नसे आणि त्याचं टेबल असं मांडलेलं होतं की दाराकडे नेमका डावा कान येई. (टेबल फिरवण्याची परवानगी वर मागितलेली आहे.) मग कोंडूनं बोट दाखवायचं. ताप उजवीकडे, जखम डावीकडे, दात मागच्या पडवीत, आणि गरोदर बाई सरळ, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत.

कोंडूच्या आवाजाबद्दल सांगायचं तर म्हसा गावच्या जत्रेत हरवलेली पोरं हाकारायला त्यालाच नेत. बैलबाजाराच्या शेवटच्या खुंट्यापर्यंत एकूण एक शब्द स्पष्ट जाई. सबब तिसऱ्या महिन्यातल्या बाईनं, जी गोष्ट सख्ख्या जावेला सांगायची नाही, ती फक्त बाजाराला सांगायची होती. एवढ्यालाही बायका तयार नव्हत्या, यावरून आमच्या मागासलेपणाची कल्पना यावी.

राहीची शेजारीण गिरजा, तिसऱ्यातली, पायरीपर्यंत गेली. नाव झालं, गाव झालं. नवऱ्याचं नाव ती घेईना, म्हणून कोंडूनं एकेक नाव उच्चारायला सुरुवात केली. रांगेतल्यांनीही हातभार लावला आणि बऱ्याच देवांनंतर गिरजाची मान हलली. मग तक्रार. तिनं मागं वळून पाहिलं तर दीर बैल घेऊन उभा.

"दात," गिरजा म्हणाली.

दात काढला. (चांगला होता. अजून फडताळात ठेवलेला आहे.)

राही गेली तेव्हा तिची जीभ 'काटा' या शब्दावर अडकली. डोंगरातल्या माणसाच्या पायात काटा शोधला की सापडतोच. कंपाउंडरनं तो काढून, चिमट्यात धरून, सगळ्यांना दाखवला. राही पायाला पट्टी बांधून घरी आली. तिकडे डॉक्टरीणबाई रिकाम्या खोलीत बसून लोकरीची टोपी विणत होत्या. टोपी पुरी झाली; घालायला कुणी आलं नाही.

"काटा काढलान?" जनाबाईनं विचारलं.

"हो, आई."

"आनि बाकीचं?"

राहीनं चुलीत फुंकर मारली. पुढच्या बाजारी मात्र जनाबाई स्वतः, सुनेला मागं घालून, पायरीसमोर उभी राहिली.

"तक्रार?" कोंडूनं विचारलं.

"पोटुशी हाय."

"कोन?"

"मी. दुसरं कोन हाय तुझ्या म्होरं?"

"मावशे, अगो केस बघ तुझे!"

"केसांत ऱ्हातंय काय रे पोर? तू आपला वरड आत. पगार कशाचा घेतोस?"

"आनि ही कोन?"

"सून. अशा अवस्थेत मला चक्कर आली तर धरायला नको?"

नियमात वयाचा उल्लेख नव्हता. कोंडू ओरडला. बाजार पोट धरून हसला, आणि बैलांच्या रांगेत उभ्या असलेल्या विठूनं डोक्यावरचा पंचा नाकापर्यंत ओढला. सगळे जनाबाईकडे बघत होते. राहीकडे बघायला कुणालाच सवड नव्हती.

आत गेल्यावर जनाबाई म्हणाली, "मी नाय गो बाय, ही. आधी दार लोट."

बाई हसल्या, पण काम त्यांनी नीट केलं. राहीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पोट पाहिलं, मागचं सगळं विचारलं. अंगात रक्त नाही म्हणाल्या. ओझं उचलायचं नाही, पालेभाजी खायची, औषध चुकवायचं नाही. आणि कमरेत कळ आली तर वाट न बघता घेऊन यायचं. राहीला आजवर कुणी इतकं विचारलं नव्हतं. घरी जाताना ती सासूच्या पुढं चालत होती.

चांगली गोष्ट लपत नाही. पुढच्या बाजारी धसईकडची एक आजी गरोदर निघाली, मग तिची विहीण, आणि बघता बघता साथ शहापूरच्या बाजूला पसरली. वर गेलेल्या अहवालात तिची शास्त्रीय नोंद आहे: 'पहिल्या तीन महिन्यांच्या झाडून साऱ्या गरोदर स्त्रिया पन्नाशीपुढच्या आढळतात. पैकी निम्म्यांना दात नाहीत. त्यांतल्या एकीचेही पोट पुढे वाढत नाही. पाचव्या महिन्यात हे गरोदरपण सासूकडून सुनेकडे जाते. सबब विहिरींच्या पाण्याचे नमुने मागवावेत.'

चहाच्या दुकानात विठूला लोक विचारीत, "काय विठूदादा, बारशाला गूळ का साखर?"

"साखर देतो कोन लढाईत," विठू म्हणे आणि बशीत तोंड घाली.

पाण्यात काही सापडलं नाही. मग हुकूम आला: पन्नाशीपुढील स्त्रीस गरोदर समजू नये.

हा हुकूम जनाबाईला पायरीवर कळला. त्या दिवशी पहाटेपासून राहीच्या कमरेत कळ होती. तिसरा सरत आला होता. वाटेत ती दोनदा झाडाला धरून उभी राहिली होती.

"मावशे, तू बंद," कोंडू म्हणाला. "हुकूम हाय. हिची काय तक्रार ती सांग."

जनाबाईनं वळून पाहिलं. मागं सगळा बाजार, आणि तिच्या डोळ्यांपुढं तो पाणवठा. एकदा सांगून बसली होती. न सांगितलं तर पडवीत दात उपटायला तयारच होते.

राहीनं तिला हातानं बाजूला केलं आणि पायरी चढली.

"राही. नवऱ्याचं नाव लडकू." तिनं नवऱ्याचं नाव घेतलं तिथंच दोन म्हाताऱ्यांनी कानाला हात लावला. "पोटुशी हाय मी. तिसरा हाय. दुखतंय."

आवाज तिचा कोंडूइतका नव्हता, तरी पुरेसा होता. आणि इथं एक नोंदण्यासारखा प्रकार घडला: बाजारात कुणालाच ऐकू आलं नाही. बुरडाला खोकल्याची उबळ आली. गिरजा, ती दाताची, मिरचीवाल्याशी इतकी कडाडून भांडायला लागली की मिरचीवाल्यालाही कारण कळेना. एकानं घाईघाईनं स्वतःच्याच बैलाची किंमत विचारली. विठू आभाळात ढग शोधत होता.

कोंडूनं छाती भरून घेतली.

"पित्त!" तो ओरडला, आणि बोट सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे केलं.

"काय?" आतून कंपाउंडर.

"पित्त! मोठं पित्त!"

बाईंनी राहीला दिवस मावळेतो खोलीतच निजवून ठेवलं. गाडीत पेंढा घालून ती घरी आली आणि पुढं कितीतरी दिवस अंथरुणावरच होती. टिकलं. चोरओटी भरताना जनाबाईनं राहीच्या पदरात इतके तांदूळ ओतले की निम्मे जमिनीवर गेले.

वर अहवाल गेला तो आनंदाचा होता. म्हाताऱ्यांची साथ आटोक्यात आली. पहिल्या तीन महिन्यांची एकही स्त्री आढळत नाही. पित्त मात्र वाढले आहे. सबब डॉक्टरीणबाईंची फेरी बंद. त्यांच्या खोलीत आता फिनेलचे डबे आहेत.

राहीला सातवा लागलाय. पावलं सुजतात. बाईंनी सांगितलं होतं, सातव्यात ये, पोर आडवं आहे की उभं ते बघते. साहेब, जनाबाई तुमच्या तंबूपर्यंत येऊन गेली. तुम्ही दुष्ट नाही. तुम्ही म्हणालात, शिकल्यासवरल्या, वजनदार गृहस्थांनी पुढं यावं, आपल्या घरातल्या तिसऱ्या महिन्यातल्या एखाद्या बाईचं नाव पायरीवरून पुकारू द्यावं, म्हणजे गरज आहे असं समजून बाई पुन्हा पाठवू.

जनाबाई मास्तरांकडे गेली, पाटलाकडे गेली, वकिलांच्या ओटीवर बसली. सगळ्यांना योजना पसंत पडली. वकिलांनी तर स्त्रियांच्या आरोग्यावर उभ्याउभ्या चांगलं भाषण केलं. आतून त्यांच्या सुनेच्या ओकण्याचा आवाज येत होता.

"आमच्या घरात," ते म्हणाले, "सध्या पित्त आहे."

तेव्हा आता, वाचकहो, तुम्ही. इथवर वाचत आलात, अर्थात शिकलेले आहात. जनाबाईला हसलात, अर्थात सुधारलेले आहात. येत्या बाजारी कोंडू पायरीवर उभा आहे. राही खाली दगडावर सुजलेले पाय सोडून बसली आहे. तुमच्या घरात आत्ता पित्त कुणाला झालंय? नाव, गाव, नवऱ्याचं नाव? मोठ्यानं सांगा. कंपाउंडरचं टेबल अजून फिरवलेलं नाही.