अल्प ओलाव्याची पद्धत

संस्थेचा मोठेपणा तिच्या गालिच्यावरून ओळखावा. माणसं येतात, बदलून जातात, निवृत्त होतात आणि निरोपाच्या भाषणात एकाएकी चांगली ठरतात. गालिचा मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चिकटवलेला असल्यामुळे त्याला कुठेच जाता येत नाही. त्या तीन मजली कार्यालयातला गालिचा राखाडी होता. तो राखाडी आहे यावर सर्वांचं एकमत होतं. (दुसऱ्या कशावर एकमत झाल्याची नोंद दफ्तरात सापडत नाही.)

या गालिच्याची जबाबदारी सफाईच्या सुपरवायझरबाईंकडे होती. एकवीस वर्षांची नोकरी. कोणत्या टेबलाखाली चहा सांडतो आणि कोण बिस्किटाचा चुरा बुटाने हळूच कपाटाखाली सारतो, हे बाईंना तोंडपाठ होतं. त्या बोलत नसत, म्हणून कार्यालय सुरळीत चाललं होतं.

पूर्वी गालिचा भरपूर पाण्याने धूत. तो वाळायला दोन दिवस लागत आणि वास जायला आणखी चार. तेवढे दिवस कर्मचारी खिडकीशी उभे राहून काम करत; निदान उभे तरी राहत. एकदा मोठे साहेब ओल्या गालिच्यावरून लगबगीने येताना घसरले आणि पद सोडून त्यांचं बाकी सगळं जमिनीला टेकलं. त्या दिवशी पाणी हा विषय कायमचा बंद झाला.

मग अल्प ओलाव्याची पद्धत आली. यंत्र विकणाऱ्या माणसाने प्रात्यक्षिक दाखवलं. फेसाळ औषध बेताने फवारलं, गोल फिरणाऱ्या ब्रशने चोळलं, अर्ध्या तासात गालिचा कोरडा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी तेवढं विचारलं, "पाणी नाही, मग मळ जातो कुठे?"

"जात नाही, बाई. औषध मळाच्या कणाकणाला गुंडाळून टाकतं. एकदा गुंडाळला जातो ना, मग तो कुणालाही चिकटत नाही."

इथपर्यंत ऐकून मोठे साहेब निघाले, कारण त्यांना बैठक होती. त्यामुळे पुढचं वाक्य एकट्या बाईंनी ऐकलं: "वाळून त्याचे दाणे होतात. दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूमने ते ओढून घ्यायचे. ते चुकवलं तर केलेलं सगळं फुकट."

साहेबांनी ऐकली तेवढी पद्धत परिपत्रकात आली. व्हॅक्यूमचा प्रश्न बाईंनी लेखी मांडला, तेव्हा त्यावर साडेचार महिने गांभीर्याने विचार झाला. व्हॅक्यूम विजेवर चालतो, म्हणून तो उपकरण विभागाचा. पण तो उचलतो तो कचरा, म्हणून उपकरण विभागाच्या मते तो सफाईचा. शिवाय तो आवाज करतो आणि बैठकीत झोप, म्हणजे लक्ष, मोडतं. अखेर सर्वांचा मान राखून व्हॅक्यूम एका खोलीत कुलूपबंद करण्यात आला. किल्ली बाईंकडेच राहिली, कारण किल्ली उपकरणात मोडत नाही.

"साहेब, मळ आत साठतोय," बाई दर महिन्याला सांगत.

"दिसतो का कुठे?"

"दिसत नाही, पण आहे."

"मग दिसेल तेव्हा बघू," साहेब प्रेमाने म्हणत. ते खरोखरच प्रेमळ होते, याबद्दल कुणाच्या मनात शंका नको.

एवढी गुणी पद्धत केवळ गालिच्यापुरती ठेवणं साहेबांना पटेना. त्यांनी ती कर्मचाऱ्यांच्या अर्जांना लावली. अर्जदाराला खुर्ची द्यायची. सहानुभूती फवारायची, पण बेताने. अर्जदार रडू लागल्यास ओलावा जास्त झाला असं समजावं. नंतर अर्ज टेबलाटेबलांवरून गोल फिरवायचा. तो आपोआप वाळतो आणि मग कुणालाही चिकटत नाही. पहिल्या वर्षी चारशे बारा अर्ज आले आणि चारशे बारा वाळले. समाधानी अर्जदार त्र्याण्णव टक्के. (उरलेले सात टक्के रजेवर होते.) निकाली निघालेल्या अर्जांचा रकाना तक्त्यात नव्हता. तो कुणी मागितलाही नाही.

चारशे तेरावा अर्ज बाईंचा होता.

बाईंचे वडील दोन वर्षांपूर्वी आंधळे झाले. बाईंची पाळी दुपारी एक ते रात्री आठ. चार वाजले की म्हाताऱ्याला चहा लागतो आणि कुणाची वाट पाहायची नाही हा त्यांचा जुना हट्ट. ते शेगडी चाचपत गॅस पेटवतात. गेल्या महिन्यात सदऱ्याची बाही जळाली. "बाहीच जळाली ना, हात शाबूत आहे की," असं म्हणून त्यांनी वर मुलीलाच दटावलं. रोज चार वाजता बाई कुठल्याही मजल्यावर असल्या तरी त्यांचा जीव घरच्या शेगडीपाशी टांगलेला असे. सकाळच्या पाळीतली एक जागा सहा महिने रिकामी होती. बाईंनी तेवढी मागितली.

साहेबांनी खुर्ची दिली. अर्ज स्वतः वाचला. चष्मा काढून पुसला. "तुमच्या वडलांचं वाचून मला फार वाईट वाटलं हो," ते म्हणाले. "माझेही वडील होते." बाईंचं मन भरून आलं. इतकी वर्षं इथे कुणी वडलांची विचारपूस केली नव्हती. त्या हलक्या होऊन बाहेर पडल्या. जिन्याच्या सातव्या पायरीवर त्यांच्या लक्षात आलं की पाळी दुपारचीच आहे.

त्या तिथेच थांबल्या. घड्याळात चारला दहा कमी होते. मग त्यांनी पदर खोचला, खोली उघडली, व्हॅक्यूम बाहेर काढला आणि साहेबांच्या दारासमोर चटईएवढ्या जागेवर सगळा जोर लावून चालवला. पिशवी दोनदा भरली. तिच्यात तीन वर्षांचा मळ, चौदा टाचण्या आणि साहेबांच्या कोटाचं एक बटण निघालं. (या बटणाच्या चौकशीसाठी नेमलेली समिती अजून कार्यरत आहे.) यंत्र बंद झालं तेव्हा सगळा मजला दारांतून डोकावत होता.

गालिचा निळा होता.

दुसऱ्या दिवशी बाईंना पत्र मिळालं. साहेबांच्या दारासमोरील राखाडी गालिच्यावर निळ्या रंगाचा मोठा डाग पाडल्याबद्दल खुलासा करावा, असं त्यात म्हटलं होतं.

"साहेब, तो डाग नाही. तो गालिचा आहे," बाई म्हणाल्या. "बाकीचा सगळा डाग आहे."

"मी समजू शकतो," साहेब हळुवारपणे म्हणाले.

"समजू नका, साहेब. पाळी बदला. एक सही लागते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

डाग घालवण्यासाठी तज्ज्ञांचा सल्ला घेण्यात आला. त्यानुसार प्रत्येक कर्मचाऱ्याने जाता-येता त्यावरून चालावं, असं परिपत्रक निघालं. संस्थेतल्या कोणत्याही परिपत्रकाचं इतकं तंतोतंत पालन यापूर्वी झालेलं नव्हतं. काही जण तर खास बाहेरून बूट मळवून आले. पाच आठवड्यांत डाग नाहीसा झाला आणि गालिचा पूर्ववत स्वच्छ झाला. व्हॅक्यूम पुन्हा कुलपात गेला. या खेपेला किल्लीही उपकरणात मोडली.

बाईंचा अर्ज सध्या सहाव्या टेबलावर आहे. कोरडा आहे. सकाळची जागा रिकामी आहे. आणि रोज चार वाजता एका घरात एक म्हातारा हात पुढे करून शेगडी चाचपतो.

वाचून तुम्हालाही क्षणभर वाईट वाटलं ना? वाटू द्या, ओलावा अगदी बेताचा आहे. अर्ध्या तासात वाळेल. मग खुशाल त्यावरून चाला.