राजाभाऊचे फिरते सत्कार

राजाभाऊ तापकीरच्या गाडीच्या डिकीत स्टेपनी नाही. स्टेपनीच्या जागी शाली आहेत. शालींना लागून नारळांचं पोतं, आणि नारळ घरंगळू नयेत म्हणून त्यांना टेकण दिलेला फेट्यांचा खोका. एकदा मोशीच्या पुढे भर रस्त्यात गाडी पंक्चर झाली. राजाभाऊने बाह्या सरसावल्या, जॅक लावला, डिकी उघडली आणि आत बघत बराच वेळ उभा राहिला. मी खाली उतरून विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई," तो म्हणाला. "कुणाचा सत्कार करायचा आसंल तर समदं हाय."

राजाभाऊ आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाचा सचिव आहे. या पदासाठी निवडणूक झाली नाही. पहिल्या बैठकीत सचिव कोण होणार असा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघत होतो आणि राजाभाऊ चहा सांगायला बाहेर गेला होता. तो चहा घेऊन परत आला तेव्हा सचिव झालेला होता. तेव्हापासून त्याने ते पद सोडलेलं नाही, आणि कुणी मागितलेलंही नाही.

आम्ही दोघं एकाच बॅचचे, मेकॅनिकलचे. मी मूळचा बार्शीचा. शिकायला म्हणून इकडे आलो आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात रुतून बसलो. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढणं हा माझा व्यवसाय आहे. राजाभाऊ रहाटणीतलाच. त्यांची शेती होती, तिथे आता इमारती आहेत आणि त्यातल्या एका इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर तो स्वतः राहतो. त्यानेही सुरुवातीला नोकरी करून बघितली होती. काही महिन्यांतच सोडली. कारण विचारलं तर सांगतो, "साहेब रोज विचारायचा, उशीर का झाला. आता आमच्याच शेतातनं रस्ता नेला, त्याच रस्त्यावर ट्रॅफिक. आपल्याच रानात आडकून पडायचं आन वर बोलणी खायची, हे काय मला जमंना राव."

तर संघाचं मुख्य काम म्हणजे माजी विद्यार्थ्यांनी आयुष्यात काय कमावलं याची दखल घेणं. इतर संघांचे सचिव बातमी येण्याची वाट बघतात. राजाभाऊ बातमी काढायला निघतो. त्याचा फोन आला की हॅलो वगैरे नसतं. थेट सुरुवात होते.

"काय नवीन केलं?"

"काही नाही रे. चाललंय."

"न्हाई कसं? एवढं वर्ष गेलं की. आठव."

मग समोरचा माणूस ओशाळून आठवायला लागतो. आठवता आठवता सांगतो की साखर जरा आटोक्यात आली आहे, किंवा बाल्कनीतल्या कुंडीत वांगं धरलंय. राजाभाऊ लगेच म्हणतो, "मग ही काय ल्हान गोष्ट हाय व्हय?" हे वाक्य ऐकलं की समजावं, तुम्ही कुठे आहात ते आता सांगावं लागणार आणि डिकी उघडली जाणार.

आमच्या कदमने स्वतःला पोहता येत नसताना मुलीला पोहायला शिकवलं. काठावर उभं राहून, नुसत्या सूचना देऊन. हे राजाभाऊला कळताच तो पिंपळे गुरवच्या तलावावर गेला. कदम त्या दिवशी पहिल्यांदाच पाण्यात उतरला होता. त्याला बाहेर काढून, ओल्या अंगावर शाल पांघरून, फेटा बांधून सत्कार झाला. कदम सांगतो की थंडी वाजत होती, शाल बरी वाटली.

आमच्या बॅचच्या जोशीने तंबाखू सोडली. त्याचा सत्कार त्याच्याच नेहमीच्या पानटपरीसमोर झाला. सगळ्यात कमी टाळ्या टपरीवाल्याने वाजवल्या.

मी असिस्टंट मॅनेजरचा डेप्युटी मॅनेजर झालो तेव्हा ही बातमी मी फक्त बायकोला सांगितली होती. दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवरून फोन आला. सिक्युरिटीचा सुपरवायझर बोलत होता.

"सर, एक गृहस्थ आलेत. त्यांच्याकडे नारळ आहे."

"मग?"

"नारळ आत न्यायचा तर गेटपास लागेल सर. मटेरियल आहे. आणि त्यात लिहावं लागतं, परत जाणार आहे का आतच राहणार."

मागून राजाभाऊचा आवाज ऐकू आला. "आरं, फोडून खाल्ला तर काय लिहितोस?"

"स्क्रॅप," सुपरवायझर म्हणाला.

शेवटी मीच गेटबाहेर गेलो. शिफ्ट सुटलेली, कंपनीच्या बसेस रांगेने उभ्या, आणि त्या सगळ्या गर्दीसमोर राजाभाऊने माझ्या हेल्मेटवरच फेटा बांधला, कारण गेटपासून रस्त्यापर्यंत हेल्मेट काढायला आमच्याकडे मनाई आहे. त्या गर्दीत माझ्याच विभागातले, त्याच जागेची वाट बघणारे एक साहेबही होते. त्यांना माझं प्रमोशन असं कळलं. त्यांनी पुढे येऊन हात मिळवला आणि पुढचा महिनाभर ते माझ्याशी फक्त ईमेलने बोलले.

संघाच्या वार्षिक मेळाव्याच्या आधी तर राजाभाऊला उसंत नसते. या वर्षी कॉलेजला कसलीशी तपासणी होती आणि नवीन प्राचार्यांना प्रथितयश माजी विद्यार्थ्यांची यादी हवी होती. प्राचार्य आमच्यापेक्षा वयाने लहान, ब्लेझर घालणारे, सभ्य गृहस्थ. त्यांना परदेशात कोण आहे, कुणाचं पॅकेज किती, स्वतःची कंपनी कुणी काढली, असं सगळं अपेक्षित होतं. राजाभाऊने दिलेला कागद त्यांनी वाचायला घेतला आणि मध्येच चष्मा वर केला.

"तापकीरसाहेब, हे एक नाव. 'धाकट्या भावाशी पुन्हा बोलायला लागला.' हे कुठल्या सदरात घेऊ?"

"आंतरराष्ट्रीयमधी घ्या," राजाभाऊ म्हणाला. "भाऊ दुबईला आसतो."

प्राचार्यांनी ते लिहून घेतलं. दुसरं काय करणार?

त्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "तुमच्या बॅचचे गोल्ड मेडलिस्ट, अनिल लोखंडे. त्यांचं काय? त्यांची काहीच माहिती नाही इथे."

"बरं हाय त्याचं," राजाभाऊ म्हणाला आणि लगेच केटररला फोन लावून जिलबीचं विचारायला लागला.

मला हे विचित्र वाटलं. लोखंडे म्हणजे आमच्या कॉलेजच्या इतिहासातलं सगळ्यात हुशार डोकं. नांदेडकडच्या एका खेड्यातून आलेला, किडकिडीत अंगाचा, फटकळ मुलगा. पुढे एका मोठ्या कारखान्यात मशीन डिझाइनचा प्रमुख झाला. वर्षापूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आल्याचं ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं. आम्ही सगळ्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली होती. त्यानंतर त्याच्याबद्दल काही आलं नाही. ज्या माणसाला कुंडीतलं वांगंही सत्काराच्या लायकीचं वाटतं, त्याने लोखंडेचं नाव निघताच जिलबीकडे वळावं? मी समजलो, यांचं काहीतरी वाजलेलं दिसतंय.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं मेळाव्याची सन्मानचिन्हं ठरवायला आळंदीला गेलो होतो. परतताना राजाभाऊने गाडी चऱ्होलीकडे वळवली. "पाच मिनटं एक काम हाय," म्हणाला. जुन्या गावाला वळसा घालून आम्ही एका नव्या टॉवरखाली थांबलो. गाडी लावून तो सरळ लिफ्टकडे चालू लागला. रिकाम्या हाताने.

दार उघडलं ते शोभावहिनींनी, लोखंडेच्या बायकोने. "या भाऊजी," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तयार होऊन बसलेत."

लोखंडे बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसला होता. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला. त्याने मला ओळखलं, डोळ्यांनी हसला, आणि काहीतरी बोलायला गेला. ओठ हलले, शब्द आला नाही. वहिनींनी मला हळूच सांगितलं, "कळतं सगळं. पण शब्द सापडत नाहीत. डॉक्टर म्हणतात, सराव ठेवा."

समोरच्या टेबलावर कंगवा, चमचा, कुलूप आणि चावी मांडून ठेवली होती. राजाभाऊने खुर्ची पुढे ओढली आणि चावी उचलली.

"अन्या, हे काय हाय?"

लोखंडे चावीकडे बघत राहिला. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. लिफ्ट वर गेली, खाली आली. मला तो शब्द माहीत होता, आणि माहीत असलेला शब्द तोंडात धरून बसणं किती अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात राजाभाऊने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब. येतंय त्याला."

ज्याने आयुष्यात कुणाचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही, तो माणूस तसाच चावी धरून बसून राहिला.

"च..." लोखंडे म्हणाला. कपाळावरची शीर फुगली. "च... चहा."

राजाभाऊने चावी उलटसुलट करून पाहिली. "च हाय. चावीतलाच च हाय. बराबर वाटंवर हाईस."

आतून वहिनी म्हणाल्या, "ठेवते हो चहा!"

"वहिनी, तुमी मधी बोलू नका. तास चालू हाय."

मग चमचा झाला, कंगवा झाला. कंगव्याला लोखंडे 'शनिवार' म्हणाला, आणि आपण चुकीचं बोललो हे त्याचं त्यालाच कळून त्याने मान फिरवली. तो दमला होता. चिडलाही होता. राजाभाऊने कुलूप उचललं, त्यात चावी घातली आणि फिरवायला लागला. चावी उलटी धरली होती. कुलूप उघडेना. त्याने जोर लावला. पुन्हा तशीच उलटी घातली, पुन्हा फिरवली. आयुष्यभर यंत्रं जुळवलेल्या माणसासमोर हे चाललं होतं. लोखंडे आधी बघत राहिला, मग खुर्चीत पुढे सरकला, मग त्याचा डावा हात वर आला.

"उलटी... उलटी हाय, गाढवा!"

शब्द खणखणीत आले. अडखळले नाहीत की घासले नाहीत. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. लोखंडे स्वतःच दचकला आणि मग खुर्चीत मागे टेकून मोकळं हसला.

राजाभाऊने चावी सरळ केली, कुलूप उघडलं आणि टेबलावर ठेवलं. "पुढच्या रविवारी," एवढंच म्हणाला. मग "गाडी नीट लावली का बघतो," असं म्हणून बाल्कनीत गेला आणि आमच्याकडे पाठ करून खालचं पार्किंग बराच वेळ बघत राहिला.

"दर रविवारी येतात," वहिनी मला म्हणाल्या. "दवाखान्यातून घरी आणलं तेव्हापासून. कुणाला सांगू नका म्हणतात."

निघालो. गाडी दिघीकडे वळली. मी म्हणालो, "राव, हे ग्रुपवर टाकायला पाहिजे. मेळाव्यात सांगितलं पाहिजे. केवढी मोठी गोष्ट आहे!"

"न्हाई," तो म्हणाला. "त्यो गोल्ड मेडलिस्ट हाय, सुध्या. चावीला चावी म्हणला म्हणून त्याच्यापुढं टाळ्या वाजवायच्या व्हय? त्याला समदं कळतंय. लाजंल त्यो."

थोड्या वेळाने तो आपणहून बोलायला लागला. कॉलेजात असताना लोखंडे त्यांच्या घरी राहायला होता, गोठ्याशेजारच्या खोलीत. राजाभाऊला गणिताचा तिसरा पेपर काही केल्या सुटत नव्हता. लोखंडे त्याला शिकवायला बसायचा.

"एक गणित धड जमंना. दर गणिताला 'गाढवा' म्हणायचा. आई आतनं वरडायची, आनिल, नुसतं म्हणू नकोस, हाण त्याला." तो हसला. "आई गेली. आता बायको 'अहो' म्हणती. भाडेकरू शेठ म्हणत्यात. तुमी समदे राजाभाऊ, राजाभाऊ. मला गाढवा म्हणणारा त्यो येकटा राह्यला व्हता. त्याचीच वाचा गेली."

पुढे ट्रक होता. त्याने वेग कमी केला.

"वर्ष झालं, मी वाट बघतोय. चावीची न्हाई रं. चावी म्हणला काय आन चहा म्हणला काय." त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवून दार उघडलं आणि खाली उतरला.

"तू चालव जरा," तो म्हणाला. "मला पुढचं नीट दिसंना."