काळ्या शाईचे शतायुषी

"ताई, सामान बांध. आपण डोंगरावर राहायला जातोय."

निवृत्त नोंदणी कारकुनाने हे सांगितलं तेव्हा खोलीची किल्ली घरमालकाला देऊनही झाली होती. आधी किल्ली, मग बातमी! ठरलं म्हणजे ठरलं, असा या माणसाचा खाक्या.

ताई ब्याऐंशी वर्षांची. आईवडील गेल्यावर तिनेच याला वाढवलं, शिकवलं, कचेरीत चिकटवलं. आता खोकला तिच्या छातीत ठाण मांडून बसला होता. डॉक्टर म्हणाले, "हवापालट करून बघा." झालं! कारकुनाला आपलं जन्ममृत्यूचं रजिस्टर आठवलं. माथ्यावरच्या एका गावात अकरा माणसं शंभरी ओलांडलेली, आणि खालच्या अख्ख्या शहरात औषधालाही एक नाही.

"थंड कोरडी हवा, रोजचा चढ, झऱ्याचं पाणी! तुझी शंभरी भरल्याशिवाय मी गप्प बसणार नाही."

"मला विचारलंस का, बाळ्या?"

"नाही."

आठवड्यातून एकदा वर जाणारी जीप दोघांना माथ्यावर उतरवून निघून गेली. कारकुनाने लगेच वही काढली. किती झोपता, काय खाता, किती चालता, सगळे प्रश्न तयार होते. ताईला दुकानाच्या बाकावर बसवून त्याने दुकानदारीणबाईला विचारलं, "एकशेसात वर्षांचे गवंडी आजोबा कुठे भेटतील?"

"माझे आजोबा? ते वरच्या पठारावर. सगळी म्हातारी मंडळी तिथेच आहेत."

"या वयात एवढा चढ चढतात?"

"छे हो! आम्हीच नेलं उचलून."

'शेजाऱ्यांचं सहकार्य,' कारकुनाने वहीत लिहिलं आणि धापा टाकत पठार गाठलं. तिथे अकरा दगड ओळीने उभे होते. प्रत्येकावर नाव. त्याने खिशातली यादी काढून ताडून पाहिली. अकराच्या अकरा नावं जुळली. एकही शिल्लक राहिलं नाही.

तो खाली आला तेव्हा चेहरा पार उतरला होता. "अहो, हे सगळे गेलेत! मग कळवलं का नाही?"

दुकानदारीणबाईने त्याला निरखून पाहिलं. "थांबा थांबा. तुम्ही दोन नंबरच्या खिडकीतले ना? काळ्या शाईचे साहेब!"

"म्हणजे?"

"आजोबा गेले तेव्हा जीप नव्हती. चार तास डोंगर उतरून आले मी. तुम्ही म्हणालात, निळी शाई चालत नाही. पुन्हा आले, तर म्हणे दोन साक्षीदार हवेत. साक्षीदार घेऊन आले, तर तुमची जेवणाची सुट्टी! मग म्हटलं, जगू दे म्हाताऱ्याला."

"आणि बाकीचे दहा?"

"माझी गत बघून कोण उतरतंय?"

कारकून मटकन बाकावर बसला. ज्या काटेकोरपणाचा तीस वर्षं तोरा मिरवला, त्यानेच ही माणसं जिवंत ठेवली होती. त्याचे डोळे भरून आले. "चुकलं माझं, ताई. खोकल्यासकट तुला इथवर फरफटत आणलं, आणि खाली खोलीही नाही राहिली. जीप आली की परत जाऊ, कुठेतरी सोय करतो."

ताई मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. हसून हसून खोकली, पाणी प्याली, पुन्हा हसली.

"मी नाही यायची."

"अगं, इथल्या हवेत काही नाही!"

"हवा गेली खड्ड्यात. तुला माझी शंभरी बघायचीय ना? मग इथल्याइतकी खात्रीची जागा दुसरी नाही." तिने त्याच्या खिशातलं काळं पेन काढून स्वतःच्या पिशवीत टाकलं. "हे माझ्याकडे राहू दे. आणि त्या बाईंना विचार, भाड्याने खोली आहे का."