सहा नंबरचा खोकला

"पाळलेलं जनावर चालते, असं तुमीच फोनवर म्हणलं होतं ना?" टेम्पोतून उतरता उतरता अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

मलकापूरच्या बाहेर, रुळांच्या अलीकडे असलेल्या त्या वृद्धनिवासाची व्यवस्था प्रतीक्षा बघायची. ती फाटकात उभी राहून टेम्पोकडे बघतच राहिली. तिच्या मनात मांजर होतं, फार तर एखादं कुत्र्याचं पिल्लू. टेम्पोत मात्र गादी, टेबलफॅन आणि स्टीलचे डबे यांच्या मधोमध पांढऱ्या दाढीची एक काळी शेळी उभी होती.

"काकू, ही बकरी आहे!"

"मंग मी काय वाघ सांगतला होता? बिजली नाव हाये तिचं. म्हातारी हाये, माह्यासारखीच."

बीबी गावातल्या घरात न्हाणीत पाय घसरून अन्नपूर्णाबाई पडल्या, तेव्हा बिजलीनेच ओरडून ओरडून शेजार गोळा केला होता. त्यानंतर पुण्याहून धावत आलेला मुलगा, हरिओम, म्हणाला होता, "आई, आता एकटं राहायचं नाही. बकरी विकून टाकू." त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मले बी बाजारात उभी कर मंग." एवढ्यावर विषय मिटला होता. आता फाटकातही तो तसाच मिटला. बिजलीला इमारतीच्या मागे कडुनिंबाखाली बांधायचं ठरलं. "पण एक तक्रार आली, की बकरी गेली," प्रतीक्षाने बजावलं.

खोल्या एका ओळीत होत्या आणि सहा नंबरला कुलूप होतं. तिथले कारभारीदादा महिन्यापूर्वी वारले होते. दादांचा खोकला साऱ्या ओळीला पाठ होता. आधी तीनदा कोरडं खोकायचे, मग "अह्ंऽ" करून घसा साफ करायचे.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मंडळी ओसरीवर सुपारी कातरत बसली होती. ऊन रखरखीत, पानही हलत नव्हतं. तेवढ्यात बंद खोलीतून आवाज आला. तीनदा खोकला आणि मग, "अह्ंऽ."

सात नंबरच्या पुष्पांजलीबाईंच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला. "दादा हायेत," त्या पुटपुटल्या. कोणी मागे वळून बघेना. अन्नपूर्णाबाईंच्याही अंगावर सरसरून काटा आला.

संध्याकाळी पाला घेऊन त्या मागे गेल्या, तर बिजली सहा नंबरच्या खिडकीला तोंड लावून उभी. खिडकीची एक काच फुटलेली होती. बिजलीने मान ताणली आणि ती तीनदा खोकली. मग घशातून आवाज काढला, "अह्ंऽ."

अन्नपूर्णाबाईंना हसू फुटलं आणि लगेच घशातच अडकलं. खरं सांगावं, तर बकरी जाणार. त्यांनी पाला टाकला आणि तोंड बंद ठेवलं.

इथून सगळं बिघडत गेलं. पुष्पांजलीबाई सात नंबर सोडून पार टोकाच्या खोलीत गेल्या. एसटीत ड्रायव्हर होते ते धम्मरत्न, "मी भुताबितावर विश्वास ठेवत नाही" असं रोज सांगायचे आणि जेवायला मात्र इमारतीला वळसा घालून यायचे. स्वयंपाकवाल्या भिमाबाईंनी सहा नंबरच्या खिडकीत दादांच्या आवडीची भाकरी आणि भाजी ठेवली, तर घटकाभरात ताट चाटूनपुसून साफ! भिमाबाईंची दातखीळच बसली. बिजलीच्या दाढीतले भाकरीचे कण अन्नपूर्णाबाईंनी पदराने पुसून काढले.

एकटे पाच नंबरचे कय्यूमभाई जागचे हलले नाहीत. रोज चहा घेऊन ते सहा नंबरच्या दारापाशी खुर्ची टाकायचे आणि कुलपाशी बोलत बसायचे. टीव्हीच्या आवाजावरून त्यांचं दादांशी भांडण झालं होतं. अबोला मिटायच्या आधीच दादा गेले होते.

शेवटी दोन जणांनी न्यायला या म्हणून घरी फोन केले. प्रतीक्षा रडकुंडीला आली. "कोणीतरी सहा नंबरमध्ये राहून दाखवा हो!"

"मी राह्यतो," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "पण बिजली माह्यासंग आत राहीन. अन् तिच्याबद्दल मंग कोनं काई बोलायचं नाई."

सगळे त्यांच्याकडे देवीकडे बघावं तसे बघू लागले. त्यांची गादी घाईघाईने सहा नंबरच्या उंबऱ्यापर्यंत पोचवली गेली. उंबऱ्याच्या आत ती त्यांनीच ओढून घेतली.

थोड्या वेळाने कय्यूमभाई चहा घेऊन आले. त्यांचा चेहरा बघून अन्नपूर्णाबाईंना राहवेना. "भाई, तुमाले फसवाचं नाई मले. तो खोकला बिजलीचा हाये."

"मालूम हाये, बाई. बापजाद्यापासून बकऱ्यायचा धंदा आमचा. मले बकरीचा खोकला नाई समजत?"

"मंग बोलले काऊन नाई?"

कय्यूमभाईंनी बशीत चहा ओतला. "तुमी यायच्या आठ दिवस आगोदरपासून मी इथं खोकला ऐकून राह्यलो. एकटाच. कोनाले सांगतलं असतं, तर पोरांनी डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं असतं मले. तुमची बकरी आली अन् सगळ्यायलेच ऐकू यायला लागलं. लय बरं वाटलं." चहा संपवून ते उठले. "तुमची बकरी अगोदर खोकते. थे चूप झाली, का मंग दादा."

म्हातारा चेष्टा करतो, असं अन्नपूर्णाबाईंनी ठरवून टाकलं. तरी दार त्यांनी उघडंच ठेवलं. बिजलीला खाटेच्या पायाला बांधून पाला टाकला. मालगाडी गेली, भिंती थरथरल्या आणि पुन्हा शांत झालं. बिजली तीनदा खोकली आणि पाल्याकडे वळली.

मग कोपऱ्यातून, दादांच्या रिकाम्या आरामखुर्चीच्या बाजूने, सावकाश तीनदा खोकला आला.

बिजलीच्या तोंडातला पाला तोंडातच राहिला. कान टवकारून ती खुर्चीकडे बघत होती. अन्नपूर्णाबाई खाटेवरून उठल्या. दाराकडे धावावं, तर बिजली खाटेला बांधलेली. खोली सोडावी, तर बिजलीला फाटकाबाहेर जावं लागणार आणि तिच्यामागे आपल्यालाही. दादा पुरुष माणूस, त्यातही वयाने मोठे. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि खुर्चीकडे न बघताच विचारलं, "दादा, बिजली इथं राह्यली तर चालन ना?"

मग खुर्ची किंचित करकरली.

"अह्ंऽ."

अन्नपूर्णाबाईंनी तो होकार धरला आणि डबे फळीवर लावायला घेतले.