धुणं वाळत घातलं की जर्मनी लागते

जुना शॉर्टवेव्ह रेडिओ घेताना लोक फसतात, कारण ते रेडिओ ऐकून घेतात. रेडिओ ऐकायचा नसतो, तपासायचा असतो.

हे वाक्य मी दिगंबरकाकांना ऐकवलं तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. पुण्याहून पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होऊन हैदराबादला नोकरीला लागल्याला चार महिने झाले होते, आणि तोवर माझं एकही विधान चुकीचं ठरलेलं नव्हतं. चार महिन्यांत मी फारशी विधानंच केली नव्हती, हा भाग वेगळा.

दिगंबरकाका म्हणजे माझ्या बाबांचे चुलतभाऊ. चार पिढ्या हैदराबादेत, नोकरी महसूल खात्यात, निवृत्तीनंतर मलकपेठेत स्वतःचं घर. खाली काका आणि विमलकाकू, वर गच्चीला लागून दोन खोल्यांत मालनबाई नावाच्या भाडेकरू, आणि मधल्या जिन्याखालच्या खोलीत मी. त्यांची एकुलती एक मुलगी वृषाली जर्मनीत शिकायला गेली होती. तिचं पत्र आलं: तिथल्या रेडिओच्या हिंदी कार्यक्रमात तिची चार मिनिटांची मुलाखत होणार आहे. वीस नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी साडेसहा, भारतीय वेळ, एकतीस मीटर.

काकूंनी ते पत्र देवापुढे ठेवलं. वृषालीला जाऊन चौदा महिने झाले होते. फोन यायचा, पण मिनिटभराचा. "फोनच्या मीटरकडे बघत बोललेलं बोलणं नसतं रे," काकू म्हणायच्या. "मी 'जेवलीस का' विचारते तोवर ती 'ठेवते' म्हणते. चार मिनिटं म्हणजे किती झाली, विनय!"

पंचाईत एकच होती. घरात रेडिओ नव्हता. होता तो दोन वर्षांपूर्वी रंगीत टीव्हीच्या एक्स्चेंजमध्ये गेला होता. त्या टीव्हीवर आता केबलवाल्याने सतरा चॅनेल दिले होते आणि सतराच्या सतरांवर वृषाली नव्हती.

"आबिड्सच्या बाजारात जाऊन छोटा ट्रान्झिस्टर आणू," काका म्हणाले. "दोन सेल टाकले की झालं."

तेव्हा मी ते वाक्य टाकलं. शिवाय सांगितलं की छोट्या ट्रान्झिस्टरवर एकतीस मीटरचा पट्टा करंगळीच्या नखाएवढा असतो, त्यात दहा देश एकमेकांच्या अंगावर बसून बोलतात. वृषालीचा आवाज नीट ऐकायचा तर जुना, मोठा, व्हॉल्व्हचा सेट हवा. सध्या सगळं शहर जुने सेट देऊन नवे टीव्ही घेतंय, तेव्हा उत्तम माल बाजारात पडलाय. फक्त पारखणारा पाहिजे.

"बघ बाबा," काका म्हणाले. "तू शिकलेला आहेस."

या वाक्यात थोडी शंका होती, हे मला आता कळतं.

कोठी बाजारातल्या एका गल्लीत चाऊसचाचांचं दुकान होतं. पुढे नव्या टेपरेकॉर्डरची रांग, मागे जुन्या रेडिओंचा ढीग. मी एक लाकडी पेटीचा, आठ व्हॉल्व्हचा, पुढे डोळ्यासारखा हिरवा दिवा असलेला सेट निवडला आणि वही काढली.

"किती जुना आहे?"

"आप से बड़ा है, साब."

"शेवटचा कधी चालू होता?"

"परसों तक बज रा था."

मी लिहिलं: अखेरचा चालू, अठ्ठेचाळीस तासांपूर्वी. मग मागचा पुठ्ठा उघडला. आत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. बाजूला पालीच्या अंड्यांची दोन टरफलं. तळाशी घडी घालून ठेवलेलं उर्दू वर्तमानपत्र, त्यावर साल एकोणीसशे एक्क्याऐंशी. मी विचारात पडलो. कुंभारमाशी वेगाने काम करते हे मान्य, पण अठ्ठेचाळीस तासांत घर बांधून, पिल्लं वाढवून, जागा सोडून जाणं?

"चाचा, परसों म्हणजे परवाच ना? शुक्रवारी?"

"हौ. परसों बोले तो परसों."

"पण मग ही माशी?"

"वो भी परसोंइच आई."

मी माशीपुढे प्रश्नचिन्ह काढलं. चाचांनी फुंकर मारून, ब्रश फिरवून, पांढऱ्या पेट्रोलने बॅंडचं बटण धुऊन सेट सुरू केला. छतातून खाली आलेल्या एका वायरचं टोक मागे खोचलं. हिरवा डोळा हळूहळू उघडला आणि दुकान एका खणखणीत आवाजाने भरलं. अरबी भाषा. चाचांचे पूर्वज अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आलेले. ते मान डोलवत ऐकू लागले.

मी मात्र ऐकत नव्हतो. मी गुणगुण मोजली, काटा सरकतो का पाहिला, व्हॉल्व्हला बोटाने टिचक्या मारल्या, पेटीला नाक लावून जळका वास येतो का हुंगलं.

"साब," चाचा शेवटी म्हणाले, "बाजा ले रें की लड़की देखने कू आए?"

मी सेट घेतला.

घरी परवाचं कोडं काकूंनी पोळी लाटता लाटता सोडवलं. "अरे, इथे परवा म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. परवा आमचं लग्न झालं तेव्हा मलकपेठेत किती मोकळं होतं." त्यांच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. मी अठ्ठेचाळीस तास खोडून 'अनिश्चित' असं लिहिलं.

सेट लावला. हिरवा डोळा उघडला. आवाज शून्य. शून्य कसा असेल, म्हणून मी कान लावला, तर दूरवर कुणीतरी पापड भाजत असल्यासारखी चरचर ऐकू आली.

"जर्मनीत सध्या पापड चाललेत का?" काकांनी विचारलं.

कारण उघड होतं. चाचांच्या दुकानात छतावर लांब तार होती, आपल्याकडे नव्हती. मी कोठीला परत गेलो, मोटारीच्या वाइंडिंगला लागते तसली चकचकीत तांब्याची तार घेतली. ती दोन तुकड्यांत मिळाली. तुकडे पीळ देऊन जोडले, गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणले आणि खिडकीतून रेडिओत आणले. संध्याकाळ झाली होती. लावून पाहतो तो पुन्हा पापड.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बटण फिरवलं आणि मी खुर्चीतून उडालो. चिनी, रशियन, फ्रेंच, सगळे स्वच्छ! काका, काकू धावत आले. काकूंनी रेडिओला हळद-कुंकू लावलं. दुपारी एकच्या सुमारास मात्र सगळे देश एकेक करून निघून गेले.

"हे अपेक्षितच होतं," मी म्हणालो. वातावरणात उंचावर विद्युतभारित थर असतात, दुपारच्या उन्हात सर्वांत खालचा थर लहरी पिऊन टाकतो, हे मी काकांना आकृती काढून समजावलं. संध्याकाळी तो थर जातो आणि लहरी परततात.

संध्याकाळी थर गेला असावा. लहरी परतल्या नाहीत.

मी रजा टाकली होती, आणि असं चार दिवस चाललं. सोमवारी सकाळी जग आलं, दुपारी गेलं. मंगळवारी तसंच. बुधवारी सकाळी काही नाही आणि संध्याकाळी पाच वाजता अख्खा युरोप. माझी वही भरत चालली. मी तापमान लिहिलं, ढग लिहिले, सूर्यावरचे डाग किती असतील याचा अंदाज लिहिला. आलेख काढला तर तो कुठल्याही थराचा न दिसता मालनबाईंच्या स्वभावासारखा दिसू लागला: कधी वर जाईल सांगता येत नाही.

उपमा सुचली तेव्हा ती किती अचूक आहे हे मला माहीत नव्हतं. ते काकांनी सांगितलं. महसूल खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. गुरुवारी सकाळी माझी वही चाळून त्यांनी चष्मा काढला.

"विनय, बुधवारी सकाळी नळाला पाणी नव्हतं."

"त्याचा काय संबंध?"

"मालनबाईंनी धुणं संध्याकाळी धुतलं."

आम्ही दोघे गच्चीवर गेलो. माझ्या तारेवर मालनबाईंच्या चार साड्या, दोन परकर आणि एक सतरंजी निथळत होती. खाली रेडिओवर मॉस्को घणघणत होतं.

"मालनबाई, हे काय?" मी विचारलं.

"धुणं," त्या म्हणाल्या. "दोरी बांधलीत ते बरं केलंत. पण जरा खाली बांधायची होती, हात पोचत नाही माझा."

"ही दोरी नाही, एरियल आहे. यातून जर्मनी येते."

"येऊ दे की. माझ्या साडीची अडचण होते का तिला?"

नेमका हाच प्रश्न होता. अडचण व्हायला हवी होती. ओल्या कपड्यांनी लहरी कमी व्हायला पाहिजेत. कुठल्याही पुस्तकात हेच सापडेल. मी शंकानिरसनासाठी साड्या उतरवायला लावल्या. मॉस्को बंद. परत घातल्या. मॉस्को सुरू. एक साडी: पापड. तीन साड्या: कुजबुज. चार साड्या आणि सतरंजी: दणदणीत. मालनबाई प्रत्येक वेळी घालत-काढत होत्या आणि मला आणि माझ्या शिक्षणाला काय वाटतं ते विचारत होत्या.

"म्हणजे पाण्याने होतंय," काका म्हणाले.

"पाण्याने होऊच शकत नाही."

"मग साडीने होतंय."

"साडीने कसं होईल, काका?"

"ते तू सांगायचं. मी कला शाखेचा."

पण शास्त्रज्ञाला कारण कळलं नाही तरी निष्कर्ष वापरता येतो. मी मालनबाईंना विनंती केली, की रविवारी कृपया धुणं संध्याकाळी सहाला टाका.

"रविवारी मी नांदेडला," त्या म्हणाल्या. "पुतण्याचं लग्न आहे."

त्या गेल्या आणि साड्या घेऊन गेल्या. त्यांचा टेपरेकॉर्डरही वरातीच्या गाण्यांसाठी गेला. त्यावर वृषालीची मुलाखत टेप करायचं आमचं ठरलं होतं, तेही बारगळलं. आता ऐकायचं ते एकदाच, आणि तिथल्या तिथे.

रविवारी सहा वाजता आम्ही काकूंच्या पाच हलक्या साड्या बादलीत बुडवून तारेवर टाकल्या. कुजबुज. घरातली पातळ सतरंजी टाकली. किंचित वाढ. सहा वाजून वीस मिनिटांनी वारा सुटला, साड्या हेलकावू लागल्या आणि आवाज येरझाऱ्या घालू लागला. मी जिन्यातून वर-खाली पळत होतो. काका रेडिओशी बसून ओरडून हाल कळवत होते. "आला! गेला! आला! अरबी आला!" काकू नवं पातळ नेसून, केसांत गजरा माळून, रेडिओसमोर पाट मांडून बसल्या होत्या.

सहा सत्तावीसला त्या पाटावरून उठल्या. वर आल्या. ओल्या साड्या बाजूला सारून त्यांनी सरळ तारेला हात घातला आणि खाली ओढली.

खालून काका ओरडले, "हिंदी! हिंदी लागलं, स्वच्छ!"

"काकू, हलू नका," मी म्हणालो. "काही झालं तरी सोडू नका."

"नाही सोडत. जा तू, नीट लाव."

मी खाली धावलो. आवाज सुरुवातीला खरंच काचेसारखा होता. निवेदिका म्हणत होती, हमारे साथ हैं हैदराबाद की छात्रा. मी वही उघडली. रेडिओकेंद्राला श्रवण-अहवाल पाठवला की ते आभाराचं छापील कार्ड पाठवतात, आणि त्या अहवालात पाच गोष्टींना पाचपैकी गुण द्यायचे असतात: जोर, दुसऱ्या केंद्रांचा अडथळा, गोंगाट, चढउतार आणि एकूण दर्जा. चार मिनिटांत मी दर वीस सेकंदांनी गुण दिले. बारा नोंदी. एकही चुकली नाही.

काका जिन्याच्या तोंडाशी उभे राहून वर हाका मारत होते. "आली! वृषी आली! अगं, तीच आहे! बोलतेय बघ! हसली, आत्ता हसली!" आणि वरून काकूंचा आवाज येत होता, "धरलीय मी! येतंय ना? येतंय ना नीट?"

मग सतार वाजली आणि समाचार सुरू झाले.

काकू खाली आल्या. हातावर तारेचा लाल वळ, खांदे ओल्या साडीने भिजलेले, गजरा सुटलेला. पदराने तळवा चोळत पाटावर बसल्या.

"हं. सांगा," त्या म्हणाल्या. "काय म्हणाली?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे.

"छान बोलली," काका म्हणाले.

"छान ते असणारच. काय बोलली?"

"मी तुला हाका मारत होतो गं. विनय होता ना रेडिओपाशी."

दोघे माझ्याकडे बघू लागले. मी आठवायचा प्रयत्न केला. थंडीविषयी काहीतरी होतं. की वसतिगृहाविषयी? त्या क्षणी अडथळा चारवरून तीनवर आला होता, ते मात्र लख्ख आठवत होतं.

"काकू," मी म्हणालो, "जोर चार होता. गोंगाट तीन. चढउतार, सरासरी दोन."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आवाज मधे मधे दबत होता. एकूण पाचपैकी तीन."

काकूंनी उठून पाट उचलला आणि भिंतीला लावून ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर जाऊन तार तपासली. वाइंडिंगच्या तारेवर पातळ पारदर्शक रोगण असतं. जोडण्याआधी ते खरवडायचं असतं, नाहीतर तांब्याला तांबं लागतच नाही. मी खरवडलं नव्हतं. तारेवर वजन पडलं की पीळ आवळला जायचा आणि जोड तेवढ्यापुरता लागायचा. सतरंजी काय, उखळ टांगलं असतं तरी चाललं असतं. दोन मिनिटांचं काम होतं. ब्लेडने खरवडून मी जोड पक्का केला, खाली येऊन बटण लावलं, तर आकाशात एकही साडी नसताना निम्मी पृथ्वी बोलत होती.

काकू शेजारी बसून वृषालीला पत्र लिहीत होत्या. पत्ता घालायला पत्र आणि पाकीट माझ्याकडे दिलं, त्यामुळे मजकूर दिसला. "तुझी मुलाखत सर्वांनी ऐकली. विनयने अगदी बारकाईने ऐकली. तो म्हणतो, तुझा आवाज पाचपैकी तीनच आहे आणि मधे मधे दबतो. इथून गेलीस तेव्हा पाचपैकी पाच होता. तिथल्या गारठ्याने छातीत कफ धरला असणार. रोज हळद घालून दूध पी, कानाला बांधल्याशिवाय बाहेर पडू नकोस, आणि डॉक्टरला दाखवून काय म्हणाला ते फोन करून सविस्तर सांग. मीटरकडे बघू नकोस."

मजकुरात शास्त्रीयदृष्ट्या गंभीर चूक होती. मी तिकीट लावलं आणि आबिड्सच्या पोस्टात टाकून आलो.