ब्रेकमधली हवा

"दुकानात? एवढ्याशा कामासाठी? अगं, नळीतली हवा काढायची, कमी झालेलं तेल भरायचं, संपलं! चहा गार व्हायच्या आत देतो तुला!"

नवऱ्याने छाती काढून असं जाहीर केलं आणि त्याच्या बायकोने, म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाईंनी, आधी सायकलचं हँडल घट्ट धरलं. कारण सायकल त्यांची होती! जाड टायरांची, डोंगरात चालवायची, हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची. दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाबरोबर टेकडी चढून पलीकडच्या उताराने खाली यायचं ठरलं होतं. आणि पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर लोण्यात बोट जावं तसा थेट मुठीला टेकत होता.

आणि नवरा! विमा कंपनीत साहेब. बाईंच्या माहेरी त्याला 'स्वयंभू' म्हणत, कारण त्याला कोणी काहीच शिकवलेलं नव्हतं आणि तरी सगळं येत होतं. त्याने दुरुस्त केलेला मिक्सर आता नुसता ओरडायचा, वाटायचा काही नाही. त्याने ठोकलेलं कपाट येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून नमस्कार करायचं.

"अहो, तो व्हिडिओ तरी शेवटपर्यंत बघा."

"सुरुवात बघितली की! पुढचं तर्काने कळतं."

तर्काने त्याने सायकल थेट हॉलमध्ये उभी केली. खाली वर्तमानपत्राचं एक पान. एकच! "निदान ब्रेकचे पॅड तरी काढून ठेवा, तेल लागलं तर वाया जातील," बाई म्हणाल्या.

"तेल नळीत जाणार. पॅडवर कशाला येईल? त्याला काय पाय आहेत?"

वर लिव्हरला नरसाळं, खाली चाकाजवळ पातळ नळी, नळीला लाल तेलाने भरलेली सिरिंज. खालून तेल हळूहळू ढकलायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे वर निघून जातात. 'हळूहळू' हा शब्द व्हिडिओच्या उत्तरार्धात असावा. स्वयंभूंनी दात-ओठ खाऊन सिरिंज दाबली आणि नळी सटकन निसटली! लाल पिचकारी पडद्यावर, सोफ्यावर, पॅडवर आणि मुख्य म्हणजे साहेबांच्या तोंडावर!

तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात सिरिंज, तोंड लालभडक, असा लेक बघून त्यांनी जी किंकाळी फोडली, ती ऐकून शेजारच्या नर्सबाई प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावतच आत आल्या.

"काय झालं? ब्लीडिंग कुठून होतंय?"

"पुढचं करतोय," साहेब डोळे मिटून चाचपडत म्हणाले. "मागचं ठीक आहे."

नर्सबाई दचकल्या. "पुढचं म्हणजे?"

"आत हवा गेलीय हो! दाबलं की बुडबुडे येतात."

"शिरेत हवा गेलीय? आडवे व्हा! आधी आडवे व्हा! हलू नका!"

बाईंनी खुलासा करायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. या माणसाला गप्प आडवं पाडणारं कोणीतरी पहिल्यांदाच भेटलं होतं. ते सुख त्यांनी मनसोक्त घेतलं. मग नर्सबाईंनीच बोट लावून तेलाचा वास घेतला, सायकलकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि "असल्या माणसाला औषध नाही" अशा चेहऱ्याने पेटी बंद केली.

पण साहेब हटणारे नव्हते! दुपारपर्यंत खपून त्यांनी हवा काढली, तेल भरलं, सगळे स्क्रू आवळले. लिव्हर खरोखरच दगडासारखा टणक झाला.

"बघ! दाबून बघ! आता बोल!"

"पॅड तेलाने माखलेत. ब्रेक धरणार नाही."

"तुझा ना, कशावर विश्वासच नाही! मागच्या ब्रेकला हातसुद्धा न लावता थांबवून दाखवतो!"

पार्किंगच्या उतारावरून साहेब निघाले. मध्यावर आल्यावर त्यांनी ऐटीत लिव्हर दाबला. सायकलने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही! साबणाच्या ओल्या वडीसारखी ती सुळकन खाली गेली आणि साहेबांसकट कुंपणाच्या झुडपात शिरली. आधी चपला बाहेर आल्या, मग साहेब. कोपर चांगलंच सोललं होतं. बिचाऱ्या नर्सबाईंना पेटी पुन्हा उघडावी लागली.

दुसऱ्या दिवशी बाई भावाची जादा सायकल घेऊन गेल्या. चढ फुफ्फुसं फाडणारा होता, पण उतार! वळणावळणाला ब्रेक बोटाच्या इशाऱ्यावर धरत होता, कानात वारा शिरत होता, आणि कितीतरी दिवसांनी त्या मोठ्याने हसल्या. घरी येईपर्यंत नवऱ्यावरचा रागसुद्धा ओसरला होता. शेवटी केलं ते आपल्यासाठीच ना, असंही वाटून गेलं.

दार उघडलं. कोपराला बँडेज बांधलेले साहेब हॉलमध्ये मांडी घालून बसले होते. सायकलची दोन्ही चाकं सोफ्यावर होती.

"आलीस? काल कुठे चुकलं ते कळलं मला! एकट्या पुढच्याचं करून भागत नाही गं, दोन्ही सारखे लागतात. म्हणून मागचाही उघडला!"

बाईंनी अजून हेल्मेट काढलं नव्हतं. भावाची सायकल दारातल्या दारात वळवली आणि पुन्हा टेकडीच्या दिशेने निघाल्या.